अकरा साहेबांचं इंग्रजी

कचेरीत तीस वर्षं बसलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते आपोआप चिकटतात आणि मग घरी बसून एकेक उपटत राहायचं! संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदेच्या घाटावर, आम्ही चार पेन्शनर जमतो. कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, ते इंग्रजी शाखेतलं काढा." मी काढतो, मंडळी पोट धरून हसतात. पूर्वी मीही हसायचो. हल्ली सांगता सांगता मधेच राग येतो, आणि कुणाचा येतो ते मला नक्की ठाऊक आहे, पण त्याला आता पेन्शन मिळते आणि तो रोज संध्याकाळी गंगेवर येऊन बसतो.

गोष्टी एकोणीसशे तिसानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या. नाशकातली एक सरकारी कचेरी, कोणती ते सोडा. तिच्या इंग्रजी शाखेत आम्ही चौघं. हेडक्लार्क तात्यासाहेब, जुने इंग्रजी पाचवी. मी मॅट्रिक. रहीमभाई पट्टेवाला, मूळचा मालेगावचा. आणि काशिनाथ अहिरे, सटाण्याकडचा, बी. ए., तेही इंग्रजी घेऊन! जिल्ह्याचं रडणं आमच्याकडे मराठीत यायचं आणि साहेबांपुढे इंग्रजीत जायचं. मधल्या वाटेवर आम्ही बसलो होतो.

अहिरे हंगामी होता. वयाची पंचविशी उलटली की सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद, अशी तेव्हा अट. रुजू झाल्यापासून तिसऱ्या श्रावणात त्याचं पंचविसावं संपत होतं. त्याआधी कायम झाला तर झाला, नाहीतर सटाण्याला जाऊन बापाबरोबर बाजरी काढायची. हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, रहीमभाईलासुद्धा ठाऊक होतं. त्याला कायम करावं असं साहेबांना लिहिणार कोण? तात्या!

*

तात्यांकडे तांबड्या खारव्याच्या कापडात बांधलेली एक वही होती. 'नमुने' म्हणत तिला. गेल्या पंचवीस वर्षांत ज्या ज्या मसुद्यावर साहेबाची सही झाली, त्यातलं एकेक वाक्य तात्यांनी त्यात सुबक अक्षरात उतरवून ठेवलेलं. शाखेतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्या वहीतल्या वाक्यांनीच बांधायचं. नवं वाक्य करायला बंदी.

"इंग्रजी कुणाचं?" तात्या विचारायचे. "साहेबाचं. मग साहेबानं ज्यावर सही केली ते अशुद्ध कसं असेल? बापानं पोराला आपलं म्हटल्यावर शेजाऱ्यानं शंका घ्यायची नसते!"

अहिरे रुजू झाला त्या पहिल्याच दिवशी त्याला एक फाइल परत मागवण्याचं पत्र दिलं. वहीतला नमुना होता, "द फाइल मे काइंडली प्लीज बी रिटर्न्ड बॅक." अहिरेने आपलं सरळ लिहिलं, "प्लीज रिटर्न द फाइल."

तात्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला. "उरलेलं कुठं गेलं?"

"जरूर नव्हती, तात्यासाहेब."

"जरूर नव्हती! 'काइंडली'ची जरूर नाही, 'बॅक'ची जरूर नाही! अरे, या वाक्यावर अकरा साहेबांच्या सह्या आहेत. अकरा गोऱ्या साहेबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि तू सटाण्याहून शिकून आलास?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, कारण कोण हसतंय ते तात्या बघत असत. अहिरेने कागद उचलला आणि गाळलेले सगळे शब्द जागच्या जागी बसवून आणले.

*

रजेच्या अर्जाचा वहीत एकच नमुना होता. तात्यांची आई वारली तेव्हा त्यांनी स्वतः केलेला. "ओइंग टु द सॅड डेथ ऑफ माय मदर." रजा कुणाचीही असो, कशाचीही असो, हाच अर्ज. 'डेथ' आणि 'मदर' एवढे दोन शब्द गरजेप्रमाणे बदलायचे, बाकी हात लावायचा नाही. मी स्वतः 'सॅड फीव्हर'वर दोनदा रजा घेतली आहे!

रहीमभाईच्या मुलीचं लग्न ठरलं. मालेगावचाच मुलगा, घरी चार हातमाग. तात्यांनी अर्ज केला, "ओइंग टु द सॅड मॅरेज ऑफ माय डॉटर."

अहिरे चुळबुळला. "तात्यासाहेब, लग्नाला 'सॅड' नको."

"रजेच्या अर्जात 'सॅड' असतंच. ते काढलं तर रजा कसली मागतोय ते साहेबाला कळायचं नाही."

साहेबांनी शेरा मारला, 'ग्रँटेड.' रहीमभाई गेला, लग्न लावून आला, शाखेत मिठाई वाटली. आम्ही त्याला आडून आडून चिडवलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तोही आमच्याबरोबर हसला.

दीड वर्षाच्या आत मुलीला आणायला जायची पाळी आली. नवरा मारत होता. तान्हं मूल पदराखाली घेऊन ती शेजाऱ्याकडे येऊन राहिली होती. पुन्हा रजेचा अर्ज. या वेळी तात्या नव्हते, म्हणून अहिरेने लिहायला घेतला. रहीमभाई शेजारी उभा राहून बघत होता.

"बाबूजी, मागच्या अर्जाला तुम्ही सारे हसत होते. त्यात काय लिवलं होतं?"

अहिरे खोटं बोलायला शिकला नव्हता. त्यानं सांगितलं. 'सॅड' म्हणजे काय तेही सांगितलं.

"म्हणजे तात्यासाहेबांना पहिलेच ठाऊक होतं," रहीमभाई म्हणाला. "मी बाप असून मला नाय कळलं."

*

तात्यांचा लाडका शब्द 'इनकन्व्हिनियन्स.' रयतेचं दुःख कसलंही असो, इंग्रजीत त्याचं 'इनकन्व्हिनियन्स' व्हायचं. बैल वाघानं नेला, इनकन्व्हिनियन्स. गावात पटकी आली, सीरियस इनकन्व्हिनियन्स! "साहेबापुढे भडक शब्द नेऊ नयेत, त्यांना उकाड्यात त्रास होतो," हे त्यांचं त्यामागचं शास्त्र.

एका उन्हाळ्यात पेठ तालुक्यातला एक माणूस अर्ज घेऊन आला. कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं पांढरे. चालत आला होता. अर्ज कुणाकडून तरी लिहून आणलेला, पण तो तोंडानंच सांगू लागला.

"पानी नाय, साहेब. दोन बाया हिरीत उतरल्या त्या वर आल्याच नाय. आता बाया उतरत नाय. पोरांला उतरवतात."

अहिरेने जसं ऐकलं तसं इंग्रजीत केलं. दोन बायका मेल्या, आता मुलं उतरतात, विहीर खोल करून द्या. तीन छोटी वाक्यं. तात्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि वहीतून घातलं, "सम इनकन्व्हिनियन्स इज बीइंग फेल्ट बाय द फीमेल्स इन रिस्पेक्ट ऑफ वॉटर."

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. साहेबांचा शेरा, "इनकन्व्हिनियन्स नोटेड. मे वेट."

तो माणूस तीन दिवस व्हरांड्याच्या पायरीवर बसून होता. त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"काय म्हनला साहेब?"

"थांबा म्हणाले."

"किती?"

मी आत निघून आलो. दुसरं काय करणार होतो? अहिरे तो परत आलेला कागद समोर धरून बसला होता. "अण्णा," तो म्हणाला, "तात्यांच्या या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही हो!"

*

आमच्या साहेबांना मराठी येत असे. परीक्षा देऊन बक्षीस मिळवलेलं. वणीच्या यात्रेत त्यांच्या हस्ते काहीतरी समारंभ होता, आम्ही सगळे कागदपत्रं घेऊन गेलो होतो. ऐंशी वर्षांचे एक पाटील भरजरी पागोटं घालून मुजरा करायला पुढे आले. साहेब खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "पाटील, तू फार म्हातारा झाला. तू खाली बस. तुझी बायको अजून आहे काय?"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! तात्यांच्या डोळ्यांत पाणी. "काय आपलेपणा! एकेरीवर आले बघ, घरच्यासारखे."

पाटील खाली बसले, जमिनीवर. त्यांचा नातू मागे उभा होता, त्याचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघितलं.

त्याच आठवड्यात कचेरीत कुणी घाईनं विचारलं, साहेब कुठं आहेत? अहिरे तंद्रीत लिहीत होता. तोंडातून घरची अहिराणी गेली, "आत शे."

झालं! महिनाभर पुरलं ते. "अहिरे, शाई शे का?" "अहिरे, डब्यात काय शे?" बी. ए.च्या परीक्षेत इंग्रजी घेऊन पास झालेला माणूस, पण घरातला एक शब्द बाहेर सांडला आणि तो आमच्यात खुळा ठरला. मीही म्हणायचो. सगळेच म्हणायचे.

आणि नेमका त्याच दिवसांत त्याचा बाप आला. बाजरीचं गाठोडं, फडक्यात हिरव्या मिरच्या. व्हरांड्यात बाक होतं, पण त्याला कुणी बस म्हटलं नाही म्हणून तो उभाच होता. मी बाहेर आलो तसा त्यानं हात जोडले.

"भाऊ, मना पोऱ्या कायम व्हई ना?"

"होईल की. त्याच्यासारखं इंग्रजी या कचेरीत कुणाचं नाही."

"त्यानं इंग्रजी चांगलं शे ना? मग काय भीती शे!"

दाराआड तात्या होते. त्यांनी दोन्ही 'शे' ऐकले आणि तोंडाला रुमाल लावला. म्हाताऱ्यानं मला मिरच्या दिल्या. त्या मी घरी नेल्या, चांगल्या तिखट होत्या.

*

एकदा साहेबांच्या स्वतःच्या हातचं टिपण स्वच्छ प्रतीसाठी आलं. घाईत त्यांच्याकडून एक शब्द भलत्याच अर्थानं पडला होता. माझ्या नजरेला काही दिसलं नाही, तात्यांच्या तर बापजन्मी दिसलं नसतं. अहिरेने समासात शिसपेन्सिलीनं बारीक खूण केली आणि योग्य शब्द लिहिला.

तासाभरात बोलावणं! तात्या, अहिरे आणि मी, तिघंही आत. साहेबांकडे देवळालीच्या छावणीतला कोणी पाहुणा बसला होता.

"हू डिड धिस?"

तात्यांनी क्षणात बोट दाखवलं.

"क्वाइट राइट," साहेब म्हणाले. "थँक यू."

माझ्या तीस वर्षांत त्या खोलीत ऐकलेलं ते एकमेव 'थँक यू.' मग साहेब तात्यांकडे वळले. हा माणूस असताना मसुदे तुम्ही का करता? तात्या गडबडले, पण त्यांना आधार होता. ते धावत गेले आणि वही घेऊन आले. पंचवीस वर्षांची पद्धत आहे हुजूर, एकही वाक्य मनाचं नाही, सगळं सही झालेलं. दोन्ही हातांनी त्यांनी वही टेबलावर ठेवली. देवापुढे नारळ ठेवताना मी त्यांना इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. दार अर्ध्या उंचीचं, झुलतं होतं, वरून सगळं ऐकू येत होतं. साहेब एकेक वाक्य मोठ्यानं वाचत होते आणि पाहुणा हसत होता. मग पाहुणा वाचायचा, साहेब हसायचे. खुर्ची करकरण्याचा आवाज, पुन्हा हसणं. तात्या पागोटं सारखं करत उभे होते. पाव तास चाललं ते.

वही परत मिळाली. "व्हेरी अम्यूझिंग," साहेब म्हणाले. "थँक यू" नाही म्हणाले.

बाहेर येऊन तात्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "अम्यूझिंग म्हणजे बरं की वाईट, रे?"

"बरंच की, तात्या."

त्यांनी अहिरेकडे पाहिलं. अहिरेने मान खाली घातली. माझ्या खोट्यावर तात्यांचा विश्वास बसला नाही आणि त्याच्या गप्प बसण्यावर बसला. त्या दिवशी मला तात्यांची दया आली, ती अजूनही येते. पाचवी शिकलेला माणूस, त्यानं जन्मभर त्यांची वाक्यं देव मानून पुजली आणि त्यांनी ती पाहुण्याला करमणूक म्हणून वाढली! पण हसणाऱ्यांना तात्या काय करणार होते? जो हसला नाही तो मात्र हाताखाली होता.

*

आषाढ लागला आणि साहेबांची बदली आली. संध्याकाळी नाशिकरोडवरून त्यांची गाडी. जाण्यापूर्वी सगळ्या कारकुनांवरचे वार्षिक शेरे सही करून जायचे होते. प्रत्येकाला एक कागद, कागदावर दोन-तीन ओळी. मसुदा तात्यांचा, सही साहेबांची. अहिरेचं कायम होणं न होणं त्याच दोन ओळींत होतं. नवा साहेब श्रावण उलटल्यावर येणार होता.

हे शेरे खाजगी. एरवी तात्या त्यांची स्वच्छ प्रत स्वतः कुलूप लावून करत. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मसुदे त्यांनी चाचपडत केले आणि नऊच्या नऊ कागद अहिरेपुढे टाकले. "तुझं अक्षर चांगलं. दुपारपर्यंत हवेत." त्यात त्याचाही कागद आहे हे तात्यांच्या लक्षात नसेल, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही.

दुपारी रुजवातीला मला बसवलं. रुजवात म्हणजे मसुदा आणि प्रत ताडून पाहणं. एकानं मसुदा मोठ्यानं वाचायचा, कॉमा-फुलस्टॉपसकट. ज्यानं प्रत केली त्यानं ती हातात धरून ओळीओळीला 'बरोबर' म्हणायचं. मसुद्यात चूक असली तरी ती तशीच उतरली पाहिजे. मक्षिकास्थाने मक्षिका! शेवटी दोघांनी खाली आद्याक्षरं करायची की झालं.

तात्या समोरच्या टेबलाशी डोळे मिटून बसले होते. सहा कागद झाले. सातवा उचलला. वर नाव, काशिनाथ सखाराम अहिरे.

मी थांबलो. खालच्या ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि अहिरेकडे पाहिलं. त्यानं सकाळी हे स्वतःच्या हातानं लिहून काढलं होतं आणि दुपारपर्यंत कुणाला एक शब्द बोलला नव्हता. माझ्या मसुद्यातल्या बारीकसारीक चुका न सांगता सुधारणारा माणूस, या कागदावरचं एक अक्षर त्यानं हलवलं नव्हतं.

वाचताना मी एक 'नॉट' गाळला असता, अहिरेने प्रतीत खोडला असता, तर साहेब बघणार नव्हते. त्यांना गाडी गाठायची होती. तात्यांना दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. आणि माझा स्वतःचा कागद अजून गठ्ठ्यात होता, याच्याच खाली.

"वाचा, अण्णा," अहिरे म्हणाला. "वेळ होतोय."

मी वाचायला लागलो.

"धिस क्लार्क इज हॅव्हिंग व्हेरी वीक इंग्लिश."

"बरोबर."

"कॉमा."

"बरोबर."

"अँड इज नॉट सूटेबल फॉर टु बी कन्फर्म्ड."

"बरोबर."

"फुलस्टॉप."

अहिरेने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, नीट निरखून पाहिला. "राहिलाय," म्हणाला, आणि टाक शाईत बुडवून त्यानं तो फुलस्टॉप दिला.